आबांचा थांबा

सोलापूरच्या माणसाला घाटातलं काही विचारू नये. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल, आणि उतार म्हणजे त्याच पुलाची पलीकडची बाजू. त्यामुळं इथल्या सहा गाडीवाल्यांनी मिळून 'घाटवेडे' नावाचा ग्रुप काढला तेव्हा भवानी पेठेतले लोक हसले. आणि सातवी गाडी म्हणून त्यात बुद्धप्रिया शिवशरणची एकोणीस वर्षांची पांढरी मारुती आठशे शिरली तेव्हा ग्रुपातले लोकही हसले.

बुद्धप्रिया वीज मंडळात मीटर तपासायच्या कामाला. वय पंचेचाळीस, बोलणं मोजकं. रागही मोजकाच, पण एकदा आला की मुक्कामाला राहणारा. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. कुणी नातेवाइकानं विषय काढलाच तर "घरात आबा आहेत, दारात गाडी आहे, आता तिसरं काय सांभाळू?" असं म्हणून चहाचा कप पुढं करायची.

आबा म्हणजे तिचे वडील, नागनाथ शिवशरण. चौतीस वर्षं एका सरकारी खात्याची जीप चालवली त्यांनी. साहेब बदलले, जीपा बदलल्या, ड्रायव्हर तोच. त्या चौतीस वर्षांत आबांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य निघालं असेल, तर ते "निघायचं का, साहेब?" आणि साहेब, मग तो कुठलाही असो, आतूनच म्हणायचा, "सांगतो." मग आबा बॉनेटला टेकून उभे. साहेबाचं जेवण होईस्तोवर, गप्पा होईस्तोवर, कधी नुसतीच डुलकी होईस्तोवर.

त्यातली चार वर्षं साहेबाचं काम महाडच्या बाजूला होतं. महिन्याला एक फेरी, वरंध घाटानं. आता गंमत बघा, त्या साहेबाला घाट लागायचा. पहिल्या वळणाला डोळे मिटायचा तो भोर आल्यावर उघडायचा, आणि मधेमधे बजावायचा, "नागनाथ, थांबू नकोस हं." घाटमाथ्यावर कठड्याशी भज्यांच्या टपऱ्या, लोक निवांत बाकड्यावर बसलेले, खाली सगळी दरी उघडी. आबांनी ती जागा जाता-येता नव्वदेक वेळा ओलांडली आणि एकदाही तिथं थांबले नाहीत. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर पाहिजे. दरी बघायची ती डोळ्याच्या कोपऱ्यातून, तीही चोरून.

निवृत्त झाल्यावर आबांनी स्वतःची गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "एकदा वरंधला जायचं. वर थांबायचं. ऊठ म्हणणारं कोण नसलं पायजे." मग आज जाऊ, उद्या जाऊ करत एकोणीस वर्षं गेली. आईचं आजारपण झालं, बुद्धप्रियाच्या बदल्या झाल्या, आबांचे गुडघे झाले. आणि गेल्या दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेलाच होता. उजव्यातून नळीतून बघितल्यागत समोरचं तेवढं दिसत होतं, आणि ती नळीही बारीक होत चालली होती. "औषधानं वेग कमी होईल," डॉक्टर म्हणाले, "पण काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या." बुद्धप्रियानं घरी पोचल्या पोचल्या घाटवेड्यांचा नंबर शोधला. घाटात तिनं जन्मात गाडी घातली नव्हती आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकटीनं जायची तिची छाती नव्हती.

ग्रुपचा म्होरक्या ऋतुराज. टेंभुर्णीचा, घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा, तिशीतला गडी. त्याच्या काळ्या थारला पुढं इतके दिवे होते की बघणाऱ्यानं मोजत बसावं. मनानं तो वाईट नव्हता. पण गळ्यात शिट्टी अडकवली की माणसाला जे होतं ते त्याला झालं होतं. पहिल्याच भेटीत त्यानं मारुतीभोवती एक फेरी मारली आणि टायरला बुटाचं टोक लावून बघितलं.

"ताई, राग मानू नका. तीन घाट हायत. पसरणी चढायचा, आंबेनळी उतरायचा, वरंध चढायचा. ह्या गाडीचं काम न्हाय."

"काम आहे का नाही ते गाडीच सांगेल की," बुद्धप्रिया म्हणाली.

"मग आमचा नियम ऐका. ज्याची गाडी दोर लावून वढावी लागली त्याची ट्रिप तितंच संपली. गाडी टेम्पोत घालून घरी. बाकीचे थांबणार न्हायत."

"चालेल."

"आन् मधी कुटंबी थांबायचं न्हाय. मी सांगीन तितंच थांबायचं."

आबा शेजारच्या सीटवर बसून ऐकत होते. ते गालातल्या गालात हसले. "वळखीचं वाटतंय," एवढंच म्हणाले.

आता पुढं जायच्या आधी शिवशरणांच्या बोळाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांचं घर भवानी पेठेतल्या एका बोळाच्या टोकाला. बोळ दीडशे पावलांचा, पुढं बंद, आणि आत गाडी वळवायला जागा नाही. म्हणून रोज संध्याकाळी गाडी उलटी आत आणायची आणि सकाळी सरळ बाहेर काढायची. बोळाच्या तोंडाशी चांगला दमदार चढ, आणि शेजारी सुताला खळ लावायचा कारखाना. त्या खळीचं बुळबुळीत पाणी बारा महिने चढावर. दोन्ही अंगाला यंत्रमाग, त्यांच्या खटखटीत हाक मारलेली कुणाला ऐकू येत नाही. म्हणून आबांनी थापांची रीत पाडली. गाडीबरोबर चालणाऱ्यानं मागच्या पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे गाडीचं शेपूट उजवीकडं घे, दोन म्हणजे डावीकडं, आणि सलग थापा म्हणजे आहे तिथं थांब. आबांची नजर गेल्यापासून गल्लीत जो सापडेल तो हे काम करायचा. समोरची नरसम्मा तर हातातल्या लाटण्यासकट यायची, आणि बुद्धप्रिया पत्र्याच्या काळजीनं तिला लांबूनच हात जोडायची.

एकदा चुलतभाऊ दिपकनं शहाणपणा केला. "उलटी कशाला, सरळ घालतो की," म्हणून त्यानं गाडी तोंडानं त्या चढावर घातली. पुढची चाकं खळीच्या पाण्यावर नुसती गरागरा फिरली, गाडी तसूभर हलली नाही, आणि सगळ्या गल्लीनं दिपकची मजा बघून घेतली. मग बुद्धप्रियानं त्याला उतरवलं, गाडी फिरवली आणि उलटी घालून एका दमात घरापाशी आणली. ह्या गाडीची ओढ पुढच्या चाकांत. नाक वर केलं की वजन मागं जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. ढुंगण वर केलं की सगळं वजन त्या चाकांवर बसतं आणि ती जमीन सोडत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, रोजच्या येण्याजाण्यात कळलं होतं. त्याचा कुठं उपयोग होईल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

मार्चातल्या एका शनिवारी सकाळी सात गाड्या सोलापुरातून निघाल्या. टेंभुर्णीत ऋतुराजच्या घरचा चहा झाला, अकलूज झालं, फलटण झालं, दुपारी वाई आली. प्रत्येक गाडीत एकेक वॉकीटॉकी दिलेला. त्यातून ऋतुराज सगळ्यांना गाडीच्या नावानं हाका मारायचा, आणि बुद्धप्रियाचं नाव पडलं 'आठशे'. आठशे सगळ्यात शेवटी, तिच्या पुढं गुरुसिद्धप्पांची जुनी हिरवी जीप. गुरुसिद्धप्पा अक्कलकोटकडचे, कापडाचं दुकान, पन्नाशी उलटलेली. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचे आणि पूर्ण हसायचे.

पसरणीच्या पहिल्या वळणाला बुद्धप्रियानं गाडी मुंगीच्या पावलानं घेतली. आबा पुढं बघत नव्हतेच. मान खाली घालून इंजिन ऐकत होते.

"गिअर टाक आत्ता."

"अजून चढ आला नाही, आबा."

"चढ आल्यावर टाकून काय उपेग? त्याच्या आधीच टाकायचा. आन् वळणाला आतल्या बाजूला चिटकू नगं, बाहेरनं ये."

तिसऱ्या वळणापासून तिला मजा यायला लागली. पाचव्या वळणाला ती चक्क शीळ घालत होती. मग एका ठिकाणी झाडी संपली आणि खाली वाई, नदी, धरणाचं पाणी, सगळं एकदम उघडं पडलं. कठड्याशी जागाही होती.

"हितं थांबायचं का जरा?" आबांनी हळूच विचारलं.

तिनं डावा इंडिकेटर दिला. वरच्या वळणावरून ऋतुराजला तो दिसला असावा, लगेच वॉकीटॉकी खरखरला. "आठशे, इंडिकेटर बंद करा. थांबायचं न्हाय. पाचगणीला चहाला थांबू."

तिनं इंडिकेटर बंद केला.

"असू दे, असू दे," आबा म्हणाले. ते ज्या सवयीनं म्हणाले ती सवय तिला झोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरहून आंबेनळी उतरतानाही तेच झालं. एका वळणावर आबांनी काचेकडं मान वळवली, तिनं वेग कमी केला, आणि खरखर आली, "आठशे, मागं पडताय. चला, चला." बुद्धप्रियाच्या मनात आलं, की आबांचा साहेब बदलला, एवढंच झालं. आणि ह्या वेळी गाडी चालवणारी आपण आहोत. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग महाडपर्यंत काही उतरला नाही.

महाडला चहासाठी अर्धा तास मिळाला. बाकीचे हॉटेलात शिरले, हे दोघं चवदार तळ्यावर गेले. आबा पायऱ्या उतरून पाण्याशी बसले. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, आणि ओला हात तसाच बुद्धप्रियाच्या डोक्यावर ठेवला. परत आले तेव्हा ऋतुराज थारपाशी वाट बघत उभा होता.

"ताई, खरं सांगतो. वरंधात माथ्याच्या अलीकडं रस्ता उकरलाय. नुसती खडी पसरलीया, आन् चढ असा उभा. तुमी आल्या वाटेनं माघारी जावा. वाईला भेटू."

"बर्री अक्का, या की," गुरुसिद्धप्पा मधेच म्हणाले, "मी हाय की."

बुद्धप्रियानं आबांकडं बघितलं. "आबा, वर थांबायचंय ना?"

"थांबायचंय की," आबा म्हणाले. "त्याच्यासाठीच आलोय."

"मग आम्ही येतोय," तिनं ऋतुराजला सांगितलं.

"येतायसा तर या. पण दोर लागला तर..."

"माहीत आहे मला. टेम्पो."

वरंध सुरू झाला तसे आबा ताठ बसले. दिसत फारसं नव्हतं, पण वळणं त्यांना पाठ होती. "आता उजवीकडं लांब वळण... आता पूल... आता दम धर, उभा चढ हाय," असं एकेक सांगत होते आणि ते तसंच येत होतं. ह्या वेळी ऋतुराजनं आठशेला चौथ्या नंबरावर घेतलं होतं, म्हणजे दोर लावायला बरं. अकराच्या सुमाराला एका रुंद वळणावर डांबर संपलं आणि समोर खडी लागली. पुढच्या तीन गाड्या दणदण करत वर गेल्या. मग आठशे.

शंभरेक फूट ती गेली. मग पुढची चाकं खडीवर फिरायला लागली. बुद्धप्रियानं पाय जरा सैल केला, पुन्हा दाबला. चाकं खडी मागं उडवत जागच्या जागी फिरत होती आणि रबराचा वास यायला लागला. तिनं ब्रेक दाबून धरला. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. खाली वळणावर गुरुसिद्धप्पांची जीप आणि दोन गाड्या खोळंबलेल्या, त्यांच्या मागं एक दुधाचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवत होता.

ऋतुराज वरून चालत आला. खांद्यावर दोर होता. तो चेष्टेच्या सुरात नव्हता, खरंच वाईट वाटत होतं त्याला.

"ताई, केलंसा तेवढं लई केलं. आता दोर लावू."

"दोर न्हाय लावायचा," आबा खिडकीतून म्हणाले.

"काका, आवं गाडी जाईना तर..."

"साहेबाची जीप कैक वेळा ढकललीया मी. ही माझी गाडी हाय. दोरानं वर नेली तर वर थांबून काय तोंड बघू कुणाचं?"

बुद्धप्रियानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. चाकं फिरतात, गाडी हलत नाही. हे तिनं आधी कुठं बघितलं होतं? आणि तिला दिपक आठवला. खळीचं पाणी आठवलं. ती ताडकन सरळ बसली.

"ऋतुराज, मला एक संधी दे. मी उलटी येते."

"उलटी म्हंजे?"

"खाली वळणापर्यंत मागं जाते. तिथं गाडी फिरवते. आणि रिव्हर्समध्ये वर येते."

ऋतुराजनं तिच्याकडं, मग दरीकडं, मग पुन्हा तिच्याकडं बघितलं. "ताई, घाट उलटा चढणार तुमी? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"एकोणीस वर्षं रोज उलटीच चढवते मी. तू फक्त थापा मारायच्या." आणि तिनं त्याला रीत समजावली. एक थाप उजवीकडं, दोन डावीकडं.

"मी वॉकीटॉकीवर सांगतो की."

"रिव्हर्समध्ये इंजिन असं ओरडतं की तुझा वॉकीटॉकी ऐकू यायचा नाही. थापच पाहिजे. आणि आबा, तुम्ही उतरा. माझी मी आणते."

"उतरणार न्हाय," आबा म्हणाले. "माझं वजन पुढच्या चाकावर लागंल. आज पयल्यांदा ह्या पोटाचा उपेग हाय."

ती सरसर मागं वळणावर गेली. हे काम तिच्या हाताचं होतं. गुरुसिद्धप्पांनी खाली उतरून टेम्पोवाल्याला गप्प केलं आणि जागा करून दिली. तीन वेळा पुढं-मागं करून तिनं गाडीचं तोंड खाली महाडकडं आणि शेपूट वर घाटमाथ्याकडं केलं. ऋतुराज मागच्या कोपऱ्याशी, डोंगराच्या अंगाला, पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. बुद्धप्रियानं मान मागं वळवली, रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला.

चाकांनी खडी धरली. गाडी वर निघाली.

इंजिन किंचाळत होतं. मागच्या काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं, रस्ता नव्हताच. तिनं रस्ता शोधायचं सोडूनच दिलं. हा आपला बोळ आहे असं मनाशी धरलं. थाप, एक. ही कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. थाप, थाप. हे केराबाईचं पाण्याचं पिंप, जरा डावीकडून घेऊ. पन्नास पावलं झाली असतील. आणि तेवढ्यात पत्र्यावर धडाधड सलग थापा पडायला लागल्या.

तिनं ब्रेक मारला. गाडी खडीवर किंचित खाली सरकली आणि थांबली. हँडब्रेक ओढून तिनं खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं? काय आहे मागं?"

"काय न्हाय," ऋतुराज गोंधळून म्हणाला. "येऊ द्या, येऊ द्या म्हनत हुतो. थांबलासा का?"

झालं होतं असं, की गडी ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरचा. ट्रकचा क्लीनर सलग थापा मारतो त्या 'येऊ दे' म्हणून. गाडी चढायला लागलेली बघून ऋतुराजला एवढा आनंद झाला की घरची सवय उफाळून आली. आबांनी पलीकडच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"ये ट्रकवाल्या," ते म्हणाले, "हितं भवानी पेठ चालती, टेंभुर्णी न्हाय. सलग मारली म्हंजे थांबायचं. कळलं का?"

"कळलं, काका," ऋतुराज म्हणाला. कालपर्यंत गळ्यात शिट्टी घालून फिरणारा हाच तो, हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

आता अवघड होतं. चढाच्या ऐन मध्यावर, सुट्या खडीवर, थांबलेली गाडी पुन्हा उचलायची. बुद्धप्रियाला भीती वाटत होती आणि ती भीती तिनं आबांपासून लपवली नाही. "आबा, नाही उचलली तर?"

"उचलती," आबा म्हणाले. "निम्मा क्लच धर. कान दे. आवाज जड झाला की हँडब्रेक सोड. घाई न्हाय. मागं कोण साहेब बसलेला न्हाय आपल्या."

तिनं निम्मा क्लच धरला. कान दिला. इंजिनाचा सूर खाली आला, गाडीचं नाक जरासं दबलं, आणि तिनं हँडब्रेक सोडला. चाकं एकदा कुरकुरली. मग गाडी वर सरकली, पाऊलभर, दोन पावलं, आणि मग चालायलाच लागली. थाप. थाप, थाप. हा अंबादासचा जिना. हा विजेचा खांब. ही नरसम्माची पायरी. तिला हसू यायला लागलं होतं. घामानं डोळे चुरचुरत होते आणि ती हसत होती. आणखी तीस पावलं, वीस, आणि एकदम चाकांखालचा आवाज बदलला. डांबर लागलं.

खालून शिट्ट्या आणि हॉर्न ऐकू आले. दुधाच्या टेम्पोवाल्यानंही वाजवला. पण बुद्धप्रिया थांबली नाही. वर तीन गाड्या कडेला उभ्या होत्या, सगळ्यात पुढं ऋतुराजची काळी थार, सगळ्या दिव्यांसकट. गाडी वळवायला जागा त्यांच्या पुढच्या वळणावर होती. तेव्हा मारुती आठशे तशीच उलटी, शेपूट पुढं करून, एकेका गाडीला मागं टाकत थारच्या शेजारून गेली. आतल्या पोरांनी मोबाइल बाहेर काढले. आबांनी त्यांना खिडकीतून हात केला, अगदी रुबाबात. ऋतुराज बिचारा खडीवरून धापा टाकत मागून चालत येत होता.

वळणावर तिनं गाडी सरळ केली. आता पुढं एकही गाडी नव्हती. वॉकीटॉकी खरखरला आणि तिनं तो बंद करून टाकला. तीन-चार वळणं झाली, वारा गार लागायला लागला, भजी तळल्याचा वास आला. बुद्धप्रिया काही बोलली नाही. मुद्दामच बोलली नाही.

आबांनी मान वर केली, वास घेतला, आणि डॅशबोर्डवर हाताच्या तळव्यानं सलग थापा मारल्या.

तिनं गाडी कठड्याशी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

मागून एकेक गाडी आली आणि आठशेच्या मागं ओळीनं उभी राहिली. ऋतुराज थारमधून उतरून आधी ह्या गाडीकडं आला. त्यानं आबांच्या बाजूचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. आबा लगेच उतरले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडलेल्या माणसाला आपल्यासाठी उघडलेल्या दारातून कसं उतरायचं ते पटकन सुचलं नसेल. मग त्यांनी ऋतुराजच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश उतरले.

कठड्यापाशी बाकडं होतं. आबा बसले आणि दरीकडं बघायला लागले. एका डोळ्यात एवढी मोठी दरी मावत नव्हती. म्हणून ते तुकड्या-तुकड्यानं बघत होते. आधी समोरचा कडा, मग मान थोडी वळवून त्याच्या शेजारचा, मग खाली, मग आणखी खाली, जिथून आपण आलो तो रस्ता. एक तुकडा पुरा झाला की पुढचा.

"खाली वळणावर एक मोठं झाड हुतं," ते म्हणाले. "चोरून बघायचो मी त्याला." मान हळूहळू फिरली आणि एके जागी थांबली. "हाय अजून."

बुद्धप्रियाला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. गुरुसिद्धप्पांनी तिच्या हातात भज्यांचा कागद ठेवला आणि बाजूला झाले. वारा एवढा होता की कागद दोन्ही हातांनी धरावा लागत होता. आबांनी एक भजं खाल्लं, चहा घेतला, आणि पुन्हा पहिल्या कड्यापासून सुरुवात केली.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भोरला सगळ्यांचं जेवण सांगून ठेवलेलं होतं. घाटवेडे एकमेकांकडं आणि घड्याळाकडं बघायला लागले. शेवटी ऋतुराज पुढं आला, जरा वाकला, आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, निघायचं का?"

आबांनी दरीवरची नजर काढली नाही.

"सांगतो," ते म्हणाले.

"बरं," ऋतुराज म्हणाला, आणि जाऊन आपल्या थारच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. आबांनी आणखी एक चहा मागवला.